दस्तीखालचा हात

आमच्या घरी सकाळ कोंबड्याने होत नसे, ट्रकच्या सेल्फने होत असे. नांदेडला लातूर फाट्याच्या पुढे रस्त्याला लागून आबांची जागा होती. पुढे जुन्या गाड्या उभ्या करायचं मैदान आणि मागे पत्र्याखाली आमचं बिऱ्हाड. आबा म्हणजे माझे वडील. ते जुन्या ट्रकांची दलाली करत. चहाच्या आधी मैदानात जाऊन ते एखादी गाडी चालू करून बघत आणि आम्ही पांघरुणातून कान देऊन असू. गाडी एका दमात चालू झाली तर आई म्हणायची, "ही जाईल." खोकत खोकत बंद पडली तर म्हणायची, "ही ऱ्हाती आता दिवाळीपस्तोर." मग डिझेलचा धूर खिडकीतून आत यायचा, चुलीचा धूर बाहेर जायचा, आणि त्या दोन्हींमध्ये बसून आम्ही सुशीला खायचो. पुण्याकडच्या माणसांना सुशीला म्हटलं की बाई आठवते, म्हणून सांगते, आमच्याकडे सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी, वर भरपूर शेंगदाण्याचा कूट. शाळेतल्या बाई एकदा म्हणाल्या, तुझ्या वह्यांना रॉकेलचा वास येतो. मी ताठ मानेने सांगितलं, रॉकेल नाही बाई, डिझेल. त्या वासाचा मला अभिमान होता. आता तो वास आला की मी रिक्षावाल्याला पुढे घे म्हणते.

मैदानात नवी जुनी गाडी आली की आबांचा पहिला प्रश्न मॉडेल कोणतं हा नसायचा. ते विचारायचे, "कशाची गाडी हाय?" गाडीचं वय कागदावर लिहिलेलं असतं, पण तिला भाव मिळतो तो तिने जन्मभर काय वाहिलं त्यावर, हे मला बाराखडीबरोबर कळलं. अर्धापूरची केळीची गाडी असेल तर माल हलका, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे शाबूत, पण केळी पिकायच्या आत बाजार गाठायचा म्हणून ती जीव तोडून पळवलेली, तेव्हा इंजिनाचं काम निघणार. उसाची गाडी असेल तर इंजिन एक वेळ ठीक, पण कमरेतून गेलेली. डाळमिलची गाडी सगळ्यांत चांगली, कोरडा माल, ठरलेला रस्ता, मालक हिशेबी. आणि वाळूच्या गाडीला आबा हात लावत नसत. ओली वाळू सगळ्या वाटेने पाणी गाळते, ते पाणी चेसिसमध्ये, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यात, मुरतं, आणि लोखंड आतून खात जातं. वरून रंग तुकतुकीत, इंजिनाचा आवाज गोड, आणि खाली बोट लावलं की खपल्या. "वाळूची गाडी दिसती नवरीवानी आन् मरती उभ्याउभ्या," असं आबा म्हणायचे. गिऱ्हाईक हसायचं आणि मग आबा त्याला गाडीखाली वाकायला लावायचे. वाकल्याशिवाय सौदा नाही, हा त्यांचा रिवाज होता.

सौदा मात्र तोंडाने होत नसे. आजोबा बैलांच्या बाजारातले दलाल होते आणि तिथली रीत आबांनी ट्रकांच्या धंद्यात तशीच आणली. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. आबांची दस्ती मोठी, निळ्या चौकटीची, खांद्यावर असायची. गाडी बघून झाली की घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहत, दस्ती दोघांच्या हातांवर टाकली जाई, आणि खाली बोटं बोलत. कुठलं बोट दाबलं म्हणजे किती, मूठ धरली म्हणजे किती, हे सगळं ठरलेलं. तळहात वर करून नुसता ठेवला तर त्याचा अर्थ, तू सांग, तुझं काय ते. हात दाबला तर सौदा झाला. न दाबता काढून घेतला तर मोडला, आणि ज्याने हात काढला त्याने समोरच्याला चहा पाजायचा, म्हणजे मनात काही राहत नाही. एकदा हात दस्तीखाली गेला की तोंड उघडायचं नाही आणि गाडीकडे वळूनही बघायचं नाही. बघणं-वाकणं जे काय असेल ते आधी. त्यामुळे एवढ्या गाड्या आमच्या डोळ्यांसमोर विकल्या गेल्या, पण कुठली कितीला गेली ते आम्हाला कधी कळलं नाही. फक्त आईला कळायचं, संध्याकाळी भाजीत तेल किती पडतं त्यावरून.

ही बोटांची भाषा आबांनी आम्हा दोघी बहिणींना खेळात शिकवली. पाऊस लागून धंदा बसला की ते खाटेवर बसत, दस्ती टाकत, आणि आम्ही तिच्याखालून पेरू, भजी, नवी रिबीन असं काय काय मागायचो. माझा भाव लगेच पडायचा. ताई मात्र चेहरा दगड करून बसायची आणि आबांना हवं तिथे आणायची. "ही पोरगी दलाल झाली असती," आबा कौतुकाने म्हणायचे. झाली नाही, कारण मुली दलाल होत नसत. तिचं लग्न झालं.

दाजी लातूरचे. एका डाळमिलच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. अंगाने किरकोळ, बोलायला कमी, स्टिअरिंगवर बसले की मात्र राजा. दुसऱ्याची गाडी किती दिवस चालवायची, स्वतःची एक जुनी का होईना घ्यावी, हे त्यांच्या मनात होतं, आणि जुन्या गाड्यांच्या दलालाची मुलगी केली त्यात हा विचार नसेलच असं मी म्हणणार नाही. ताईच्याही मनात तेच होतं. ती माहेरी आली की रात्रीच्या भाकरी थापता थापता आबांना सांगायची, "आबा, एक चांगली बगा. घाई न्हाई. पन चांगली बगा." आबा बघत होते. आलेल्या गाड्या नाकारत होते. लेकीसाठी स्थळ बघताना त्यांनी एवढी चिकित्सा केली नव्हती, असं आई तोंडावर म्हणाली आणि आबांनी ते हसून कबूल केलं.

अशात देगलूरचे लक्ष्मण्णा गाडी घेऊन आले. आबा आणि लक्ष्मण्णा तरुणपणापासूनचे दोस्त. तिकडे तेलुगूत मेव्हण्याला बावा म्हणतात, तसे ते एकमेकांना बावा म्हणायचे. लक्ष्मण्णा आले की आई तुरीचं वरण घट्ट करायची आणि वर लसणाची फोडणी द्यायची, कारण त्यांना भातावर ते फार आवडायचं. त्या दिवशी ते गाडीतून उतरले, हिरवा रंग, मागे नवी फळी, आणि आबांनी नेहमीसारखं विचारलं, "कशाची गाडी हाय, बावा?" लक्ष्मण्णा म्हणाले, "तुरीची. मिलची हाय. तुझ्या जावयालाच शोभती." आणि हे बोलता बोलता त्यांनी आबांच्या खांद्यावरची दस्ती ओढून घेतली, आपल्या हातावर टाकली आणि हात पुढे केला. हसत केला. दोस्तीत केला. आबांनी हात आत घातला.

आता तुम्ही म्हणाल, मग वाकायचं होतं की. हात गेल्यावर वाकणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. परक्याच्या बाबतीत आबा आधी वाकत, मग हात देत. पण आयुष्यभराच्या दोस्ताने आधीच हात पुढे केल्यावर, थांब जरा, खाली बघून येतो, असं म्हणायचं कुठल्या तोंडाने? आमच्याकडे माणूस गाडीखाली जाऊन मरेल, पण दोस्ताचा हात हवेत ठेवणार नाही. मी हे अभिमानाने लिहीत नाही. त्या रीतीचा मला आजही संताप येतो. परवा माझ्या मुलाने त्याची कार विकली. मोबाइलवर फोटो टाकले, दुसऱ्या दिवशी एक पोरगेला माणूस आला, पेनासारखं यंत्र पत्र्याला जागोजाग लावत फिरला, कुठे रंग पुन्हा मारलाय ते त्या यंत्राने सांगितलं, आणि कोणी कोणाला चोर म्हटलं नाही. त्याने चहासुद्धा घेतला नाही. माझा मुलगा म्हणाला, आई, किती रुक्ष झालंय ना सगळं. मी म्हटलं, असू दे रुक्ष.

गाडी लातूरला गेली. ताईने तिला हार घातला, लिंबू-मिरची बांधली, पुढच्या काचेवर दोघांची नावं घालून घेतली. पुढचे काही महिने आमच्या घरी जे समाधान होतं ते मला नीट आठवतं, कारण ते पुन्हा आलं नाही. ताईच्या पत्रात भाड्यांची नावं असायची, आज सोयाबीन, आज पेंड, आज हळद. दाजी नांदेडला माल घेऊन आले की जेवायला घरी थांबायचे आणि आबा त्यांच्या ताटात स्वतः तूप वाढायचे. मग एक दिवस सोयाबीन भरून येताना अहमदपूरच्या अलीकडे, एका साध्या उतारावर, गाडी मधूनच बसली. टक्कर नाही, खड्डा नाही. चेसिस मोडली. दाजींना खरचटलंसुद्धा नाही, आणि पुढे मला अनेकदा वाटलं की थोडं लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणाला त्यांची आणि ताईची दया तरी आली असती. गाडी रिकामी करून बघितली तेव्हा कळलं. वाळूची गाडी होती. कुजलेल्या लोखंडावर पट्ट्या मारून वर काळा रंग दिलेला होता.

आबा एस.टी.ने देगलूरला गेले आणि त्याच दिवशी परत आले. त्यांच्यात काय झालं ते आबा आईला सांगताना मी ऐकलं. लक्ष्मण्णांनी नाकारलं नाही. ते नुसते म्हणाले, "बावा, मला बी तशीच आली रे. मी बी वाकलो न्हाई." एवढं सांगून आबा पाणी प्यायले आणि मैदानात जाऊन बसले. लक्ष्मण्णा खरं बोलले की नाही हे आबांनी कधी ठरवलं नाही, पण त्यानंतर आमच्या घरी लसणाच्या फोडणीचं वरण झालं नाही.

दाजींनी गाडीला पुन्हा पट्ट्या मारून घेतल्या, ती कशीबशी चालवत नांदेडला आणली आणि मैदानात लावली. शेजारच्या सीटवर ताई होती, पायाशी तिची पत्र्याची पेटी. दाजी खाली उतरले आणि आबांकडे न बघता म्हणाले, "मामा, गाडी तुमी दिलाव, तुमीच इका. गाडी गेली की हिला न्यायला येतो." आबा म्हणाले, "जावईबापू, चहा तरी घ्या." दाजींनी घेतला नाही. ते वाईट माणूस नव्हते, हे लिहिताना माझा हात जड होतो, पण नव्हते. त्यांची मिलची नोकरी गेली होती, घरात आई रोज तेच उगाळत होती की दलालाने स्वतःच्या जावयाला टोपी घातली, आणि त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. माझी बहीण त्यांनी गाडीबरोबर परत आणून ठेवली, एवढंच.

मग ताई आणि गाडी दोघी आमच्या अंगणात राहू लागल्या. उभ्या गाडीला काय होतं ते मला आधीही माहीत होतं, पण तेव्हा रोज बघितलं. आधी बॅटरी बसते. मग टायर एका बाजूने चपटे होतात आणि त्यांना चिरा पडतात. आरशामागे चिमणी घर करते. पासिंगची मुदत संपते, आणि मग गिऱ्हाईक लांबूनच विचारतं, लई दिवसाची उभी हाय का? आजूबाजूच्या बाया ताईबद्दलही हेच विचारत, शब्द तेवढे वेगळे. ताई सकाळी उठून आधी मैदानातल्या त्या गाडीची काच पुसायची. नावं पुसट होऊ लागली होती, तिथे ती हलक्या हाताने पुसायची. मला ते बघवत नसे. मी तिच्यावर चिडायचे, ती चिडायची नाही.

गिऱ्हाईकं यायची. आबा प्रत्येकाला आधी सांगायचे, ही वाळूची हाय, पट्ट्या मारल्यात. गिऱ्हाईक मान डोलवायचं, आबांच्या खरेपणाची तारीफ करायचं आणि शेजारची गाडी बघायला जायचं. असं चालत चालत एक पावसाळा गेला. एका सकाळी निरोप आला की लोह्याचा बालाजी म्हणून एक माणूस गाडी बघायला येतोय, त्याला हिरवीच हवी आहे, लांबून बघून पसंत केली आहे. ताई चुलीपुढे बसली होती. ती तव्यावरची भाकरी तशीच ठेवून आबांपुढे येऊन उभी राहिली.

"आबा, या खेपेला काई बोलू नका."

आबांनी खांद्यावरची दस्ती हातात घेतली.

"गाडी काई बोलत न्हाई. तुमी कामून बोलताव? तुमाला कोन बोललं होतं का? ज्याला घ्यायची तो वाकून बगंल. न्हाई वाकला तर त्याचं नशीब. माजं तसंच झालं न्हाई का?"

आई म्हणाली, "पोरगी खोटं सांगून न्हाई राहिली." आबांनी बराच वेळ दस्तीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "हाव. न्हाई बोलत." ताईने जाऊन भाकरी उलटली. ती जळाली होती. तरी तिने ती वेगळी ठेवली नाही, स्वतःच्या ताटात घेतली, आणि खूप दिवसांनी पोटभर जेवली.

बालाजी तिशीचा असेल. पांढरी टोपी, पायात नव्या चपला, बरोबर बायको. बायकोने हळदी-कुंकवाची पुडी आणली होती, गाडी घेतलीच तर लगेच पूजा करायला. आबांनी गाडी चालू करून दाखवली. इंजिन चांगलं होतंच, आवाज गोड आला. बालाजीने टायर बघितले, ते तर बदलायचेच होते, केबिनमध्ये बसला, हॉर्न वाजवला. बायको हसली. आबा नेहमीसारखे खाली वाक म्हणतील म्हणून मी दारातून बघत होते, आणि ते म्हणाले नाहीत. बालाजी उतरून आला आणि म्हणाला, "आबा, तुमचं नाव ऐकूनच आलो. तुमचा हात हाय मंग मी खाली कशाला वाकू?" आणि त्याने हात पुढे केला.

आबांनी दस्ती टाकली. ताई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. बालाजी कच्चा होता. बोट दाबताना त्याचा खांदा हलत होता, आणि त्या हलण्यावरून ताईला कळलं की तो चांगला चढून देतो आहे. "दाबा आबा," ती पुटपुटली. आबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी गाडीकडे बघितलं, जे हात दस्तीत असताना बघायचं नसतं. मग बालाजीच्या बायकोकडे बघितलं. ती पुडी सोडत होती. आणि हात तसाच दस्तीत ठेवून आबा तोंडाने म्हणाले, "वाकून बग बाळा एकदा."

बालाजी आधी समजलाच नाही. मग तो गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना गंज लागलेला होता. त्याने आबांच्या डोळ्यांत बघितलं आणि दस्ती उचलून आबांच्या खांद्यावर ठेवली. मोडला सौदा. चहा आबांनी पाजायचा की त्याने, यात क्षणभर गोंधळ झाला, कारण हात कोणी काढला तेच कळत नव्हतं. तेवढ्यात ताई आतून चहा घेऊन आली. तिने दोघांना कप दिले, बालाजीच्या बायकोला पाणी दिलं, साखर पुरे का विचारलं. तिचा चेहरा दगड होता. त्या दिवसापासून ती आबांशी बोलली नाही. लागेल तेवढं, जेवण वाढलंय, औषध घ्या, एवढं म्हणायची, पण ते कोणी बोलणं म्हणत नाही.

माझ्या गोष्टीत आबांचा खरेपणा कुठेतरी फळाला आला असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. बालाजीने महिनाभरात दुसरीकडून गाडी घेतली. तीही पट्टीची निघाली, हे लोह्याहून आलेल्या एकाने सांगितलं. बाजारात आठवडाभर आबांची वाहवा झाली आणि मग गाड्या विकायला आणणारे मालक आमच्याकडे यायचे बंद झाले. त्यांचंही चूक नव्हतं. हात दस्तीत असताना तोंड उघडणाऱ्या दलालाकडे आपली गाडी कोण देईल? मैदान रिकामं होत गेलं. हिरवी गाडी शेवटी भंगारवाल्याने वजनावर नेली. न्यायच्या आधी त्याने काच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, त्या काचेवर नावं होती. गाडी गेली, हे कळवायला आबांनी दाजींना पत्र टाकलं. पण भंगारातून आलेल्या पैशात दुसरी गाडी होत नव्हती, आणि तोवर दाजींचं दुसरं ठरलं होतं. ते आले नाहीत. ताई पुढे मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली आणि तिथेच तिची उमर गेली. माझं लग्न, नोकरी, मुलं सगळं रीतीप्रमाणे झालं. आबा बरोबर वागले की चूक, हे मी इतक्या वेळा मनाशी घोळवलं आहे की आता मला दोन्ही बाजू पाठ आहेत आणि उत्तर येत नाही. त्या बाईची पुडी आठवली की आबा बरोबर वाटतात. ताईचा जळक्या भाकरीचा घास आठवला की नाही वाटत.

आबांना लकवा झाला तेव्हा मी नांदेडला जाऊन राहिले होते. तोंड वाकडं झालं होतं, बोलणं गेलं होतं, उजवा हात तेवढा थोडा चालत होता. सगळं करायची ताईच. अंग पुसायची, चमच्याने डाळीचं पातळ घुटं भरवायची, कूस बदलायची. एका दुपारी ती त्यांच्या छातीवरची दस्ती सारखी करत होती. तीच निळ्या चौकटीची, धुऊन धुऊन विरलेली. आबांनी तिचं मनगट पकडलं. तिला वाटलं पाणी हवंय. पण त्यांनी तिचा हात दस्तीखाली ओढून घेतला आणि आपला तळहात वर करून तिच्या हाताखाली ठेवला. विरलेल्या कापडातून मला पलीकडच्या खुर्चीवरून सगळं दिसत होतं. तळहात वर, बोटं मोकळी. तू सांग, तुझं काय ते. आबांचे डोळे तिच्यावर होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

ताईला ती भाषा माझ्यापेक्षा चांगली येत होती. तिने हात लगेच काढला नाही. बराच वेळ तो तिथे होता, आणि मी मनात म्हणत होते, दाब, ताई, दाब. बाहेर रस्त्यावरून एक भरलेला ट्रक गेला, खिडकीची तावदानं हलली, आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत ती बसून राहिली. मग तिने हात काढून घेतला. दस्ती त्यांच्या हातावर नीट पसरली. "चहा ठेवते," ती म्हणाली.

आबांना तेव्हा घोटभर पाणीही चमच्याने द्यावं लागत होतं. ताईने तरी चहा केला, कपात गाळला, आणि आणून त्यांच्या उशाशी ठेवला. साय धरेपर्यंत तो तिथेच होता.